हवेवरचा भरवसा

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात गावाहून पुतण्याचा फोन आला. तात्यांचे पान वाढून झाले होते, कावळाही लगेच शिवला होता, आणि त्याच दिवशी त्याने विषय काढला. म्हणाला, ‘‘आप्पा, मासे धरायला हवेची बोट घ्यायची म्हणतोय. मोबाईलवर बघावं तितक्या दिसतात. दिसायला सगळ्या सारख्याच, किमती मात्र पाचपट-दहापट वेगळ्या. तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, त्यातली भरवशाची कोणती ते सांगा.’’

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. बोट विकत घेण्याच्या बाबतीत माझा सल्ला कोणी घ्यावा, असे माझ्यापाशी काही नाही. पण हा प्रश्न मला टाळता येईना. कारण ज्यांचे पान वाढले होते ते तात्या, म्हणजे माझे चुलते आणि या पुतण्याचे आजोबा, ट्रकच्या ट्यूबवरून मासेमारीला गेले आणि परत आले नाहीत.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि आमची काळी जमीन पाण्याखाली गेली. आमच्या घरात मासेमारी नव्हती. नदीवर जाळी टाकणारे ते भोई, आणि आम्ही मळीत ज्वारी-हरभरा पेरणारे. जमीन गेल्यावर तात्या त्याच जमिनीवरच्या पाण्यात उतरले. होडीला पैसे नव्हते. महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानातून त्यांनी ट्रकची जुनी ट्यूब आणली, तिच्यावर फळी बांधली आणि दोन्ही हातांत पत्र्याचे वल्हे घेऊन ते जाळे टाकू लागले. चिलापी, कटला, रोहू जे मिळेल ते. अशी बरीच वर्षे गेली. एका वर्षी शिमग्यानंतर, दुपारी हवा भरून आणलेली ट्यूब घेऊन ते पहाटे पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी ते सापडले. ट्यूब तिसऱ्या दिवशी वेड्या बाभळींच्या शेंड्यांत अडकलेली मिळाली. ती मऊ पडली होती, पण फुटलेली नव्हती. चुलतभावाने ती दुकानात नेली, हवा भरून हौदात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘ट्यूब चांगली आहे.’’ गावाने म्हटले, वेळ आली होती.

न फुटलेल्या ट्यूबने माणूस का बुडतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. पुतण्याच्या फोनने तो पुन्हा वर आला. मग मी मला येते ते केले. हवेच्या आधाराने पाण्यावर जाणाऱ्या माणसांचा इतिहास वाचायला घेतला. त्यांनी भरवसा कशावर ठेवला, एवढेच मला पाहायचे होते.

सांगड आणि घडा

आपल्याकडे हवेवर तरंगण्याची सर्वांत जुनी सोय शेतात पिकत असे. पिकून वाळलेला भोपळा आतून पोकळ होतो, कवच कडक होते आणि आतली हवा बाहेर जात नाही. असे दोन-चार भोपळे दोरीने किंवा काठ्यांनी जोडले की झाली सांगड. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधलेले माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आठवत असेल. नद्यांवर याच साधनाने माणसे पलीकडे जात आणि मासेही धरत. साधन गेले, पण शब्द राहिला. आज आपण विचारांची, कामांची, पैशांची सांगड घालतो, तेव्हा एकाला दुसऱ्याचा आधार देतो असेच म्हणत असतो.

या शब्दातच एक शहाणपण आहे. एका भोपळ्याची सांगड होत नाही. एक भोपळा दगडाला आपटून फुटला तरी दुसरा माणसाला वर धरतो. जोडणीचा हेतू वजन पेलणे हा तर होताच, पण एक फसला तर दुसरा असावा हाही होता.

याच्या उलट टोकाला सिंधू नदीवरचे मच्छीमार होते. सिंधमध्ये ‘पल्ला’ हा मासा समुद्रातून नदीत वर चढतो. बंगालात ज्याला हिलसा म्हणतात, तोच हा. एकोणिसाव्या शतकात सिंधूवर आलेल्या प्रवाशांना या माशापेक्षा तो धरण्याच्या रीतीचे अधिक नवल वाटले. मच्छीमार एक मोठा, बसका, रुंद तोंडाचा मातीचा घडा पाण्यात ठेवतो आणि त्यावर पालथा निजतो. घड्याचे तोंड त्याच्या पोटाने बंद होते. पायांनी पाणी मारत तो प्रवाहाबरोबर वाहत जातो. हातात लांब काठीला लावलेले जाळे असते. मासा अडकला की जाळे वर ओढायचे, मासा काढायचा आणि पोट किंचित उचलून घड्यात टाकायचा. नाव तीच आणि मासे ठेवायची टोपलीही तीच.

इथे कप्पा एकच, तोंड एकच आणि झाकण म्हणजे माणसाचे स्वतःचे पोट. हे साधन भरवशाचे होते का? होते, पण भरवसा घड्यात नव्हता. लहानपणापासून नदीत वाढलेल्या, घडा फुटला तरी पोहून काठ गाठणाऱ्या माणसात तो होता. तोच घडा आमच्या तात्यांसारख्या शेतकऱ्याला दिला असता तर पहिल्याच दिवशी अनर्थ झाला असता. साधनाचा भरवसा मोजताना ते वापरणारा कोण, हे सोडून चालत नाही.

तैग्रिसवरची कातडी

जमिनीवरून पाणी वाहून न्यायला ज्याला आपण पखाल म्हणतो, ती रिकामी करून फुंकली की तिचाच तराफा होतो. हे ज्यांना सर्वांत आधी उमगले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांची चित्रे आहेत. आजच्या इराकमधल्या निमरुद येथे अश्शूरचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याचा राजवाडा होता. त्याचा काळ इसवी सनापूर्वी ८८३ ते ८५९. त्या वाड्याच्या भिंतीवरची कोरीव दगडी चित्रे आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांपैकी एकात, काठावरून सुटणाऱ्या बाणांखाली काही माणसे नदी पोहून चालली आहेत. त्यांच्या छातीखाली फुगवलेली कातडी आहेत. नीट पाहिले तर कातड्याच्या पायाचे टोक पोहणाऱ्याच्या तोंडात आहे. तो पोहता पोहता हवा भरतो आहे.

ही बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोरणाऱ्या कारागिराला माहीत होते की कातडे हवा धरून ठेवत नाही. ते सतत भरावे लागते.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, निनेवे येथील सेनाखेरीब राजाच्या वाड्यातल्या चित्रांत फुगवलेल्या कातड्यावर घोड्यासारखी मांड टाकून बसलेला मच्छीमार दिसतो. सभोवती नदी आहे, मासे आहेत आणि शेजारी अवजड पुतळे ओढण्याचे राजाचे मोठे काम चालू आहे. राजाच्या पराक्रमाच्या चित्रात मासे धरणाऱ्या या माणसाचे काहीच काम नव्हते. तरी कारागिराने तो कोरला. हवेवर बसून मासे धरणाऱ्याचे याहून जुने चित्र माझ्या पाहण्यात नाही.

याच तैग्रिस नदीवर इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक अडकले. झेनोफनने ती हकिगत लिहून ठेवली आहे. ऱ्होड्स बेटाचा एक माणूस पुढे येऊन म्हणाला, मला दोन हजार कातडी द्या, मी सगळे सैन्य पलीकडे नेतो. आसपास मेंढ्या, बकऱ्या, बैल, गाढवे पुष्कळ होती. त्यांची कातडी काढून फुगवायची, एकमेकांना बांधायची, दगडांचे नांगर सोडायचे आणि वर फांद्या-माती पसरायची. एक कातडे दोन माणसांना बुडू देणार नाही, हा त्याचा हिशेब. या कामाचे त्याने एक टॅलंट मागितले. सेनापतींना युक्ती आवडली, पण पलीकडच्या काठावर शत्रूचे घोडेस्वार उभे होते. बेत सोडून द्यावा लागला. हिशेब बरोबर असला तरी उतरण्याची जागा मोकळी नव्हती.

अलेक्झांडरने इसवी सनापूर्वी ३२९ मध्ये ऑक्सस नदी ओलांडताना वेगळी वाट धरली. तंबूंची कातडी घेऊन त्यांत सुका भुसा भरायला लावला आणि पाणी आत शिरणार नाही अशी ती घट्ट शिवून घेतली. पाच दिवसांत सैन्य पलीकडे गेले. इथे आधार भुशामधल्या हवेचाच, पण कातड्याला छिद्र पडले तरी ती सगळी एकदम निघून जात नाही. आज आपल्याकडे पुष्कळ तलावांवर थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून त्यांवर बसलेली माणसे दिसतात. त्यांची युक्ती हीच आहे.

तैग्रिसवर हा प्रकार विसाव्या शतकापर्यंत टिकला. शेकडो बकऱ्यांची कातडी फुगवून, लाकडी चौकटीखाली बांधून ‘केलेक’ नावाचे तराफे मोसूलहून बगदादला जात. तिथे लाकूड विकायचे, कातड्यांतली हवा सोडायची, घड्या गाढवांवर लादायच्या आणि परत यायचे. ऑस्टिन हेन्री लेयार्डने १८४७ मध्ये निमरुदचे पंख असलेले अवजड दगडी बैल याच तराफ्यांवरून खाली पाठवले. त्याने लिहून ठेवलेला एक तपशील मी दोनदा वाचला. कातडी बांधताना त्यांची तोंडे वरच्या बाजूला येतील अशी काळजी घेत. वाटेत एखादे फुटले किंवा सैल पडले, तर तराफेवाल्याला ते उघडून पुन्हा फुंकता यावे म्हणून.

म्हणजे अडीच हजार वर्षे त्या नदीवर कोणीही न गळणारे कातडे शोधत बसले नव्हते. कातडे गळणारच, हे धरून त्यांनी तीन गोष्टी केल्या. कातडी पुष्कळ घेतली, प्रत्येकाचे तोंड वेगळे ठेवले आणि ते तोंड वाटेत हाताशी येईल असे बांधले.

आपल्याकडे सतलज आणि बियास या नद्यांवरही बैल-म्हशींची अख्खी कातडी फुगवून माणसे पार करण्याची रीत होती. विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० मध्ये अशाच कातड्यांवरून सतलज उतरला. १८६०च्या दशकात छायाचित्रकार सॅम्युअल बोर्नने कुलूच्या खोऱ्यात बियासकाठी या कातड्यांचे छायाचित्र घेतले. फुगलेले कातडे पाय वर केलेल्या जनावरासारखे दिसते. नावाडी त्यावर पोट टेकतो, एका हाताने छोटे वल्हे मारतो आणि प्रवासी त्याच्या पाठीवर बसतो. पाण्यातून बाहेर आल्यावर हवा सोडून तो कातडे खांद्यावर टाकून चालू लागतो. आजच्या जाहिरातीत घडी करून पिशवीत मावते म्हणून जी बोट विकतात, तिचा गुण हाच.

रबराचा झगा

कातडे कुजते, उंदीर खातात, तेल-राळ लावून मऊ ठेवावे लागते. त्याला पर्याय आला तो रबराचा. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये विरघळवलेले रबर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. ते कापड उन्हात चिकट होई आणि थंडीत ताठरे. रबराला गंधकाबरोबर तापवले तर हा दोष जातो, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडले.

इंग्लंडच्या आरमारातला पीटर हॅल्केट नावाचा तरुण लेफ्टनंट १८४०च्या दशकात एक विलक्षण वस्तू घेऊन आला. अंगात घातली तर झगा, फुगवली तर नाव. खिशात भाता, हातातल्या काठीला पाते लावले की वल्हे आणि छत्री उघडली की शीड. हसू येण्यासारखे हे सगळे आहे. पण झग्याच्या आत एक गंभीर विचार होता. हवेची पोकळी त्याने चार वेगळ्या कप्प्यांत विभागली होती. एक फाटला तरी बाकीचे तरंगत राहावेत म्हणून. भोपळ्यांच्या सांगडीतले शहाणपण रबरी कापडात आले ते असे.

आरमाराच्या वरिष्ठांनी कल्पना हुशारीची आहे, शोधमोहिमांना उपयोगी पडेल, पण आरमाराच्या रोजच्या कामाची नाही, असे उत्तर दिले. मासेमारी आणि बदकांची शिकार यांसाठी ती विकण्याचाही प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. हिवाळ्यातल्या थंड पाण्यावर रबराच्या फुग्यावर बसायला शहरातला हौशी माणूस तयार नव्हता.

ज्याला गरज होती त्याने मात्र ती नेली. डॉक्टर जॉन रे हा ऑर्कनी बेटांवरचा माणूस, हडसन बे कंपनीच्या नोकरीत. १८४६-४७ मध्ये उत्तर कॅनडाच्या बर्फाळ किनाऱ्यावर तो मोहिमेला गेला तेव्हा त्याच्याबरोबर हॅल्केटची नाव होती. तिथे माणसे जगवायची तर मासे धरावे लागत. जाळी लावायला आणि तपासायला ही नाव वापरली गेली. खडकाळ किनाऱ्यावर सतत वापरूनही तिला दुरुस्ती लागली नाही, अशी त्याने तिची तारीफ केली. अशी एक नाव आजही ऑर्कनीच्या स्ट्रॉमनेस येथील संग्रहालयात आहे.

ट्यूब

तात्यांची ट्यूब नावेच्या या वंशातली नव्हे. ती चाकाच्या वंशातली. हवेच्या धावेचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसनचे, १८४५ मधले. ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा आणली. आज मोटारीच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, तो श्रेडर यांच्या नावाने ओळखला जातो, त्याचे पेटंट १८९३चे. हवा आत जाऊ देणारी आणि स्वतःहून बाहेर न सोडणारी ही बारीक खीळ म्हणजे अश्शुरी पोहणाऱ्याच्या तोंडाची जागा घेणारे यंत्रच. पुढे १९३७ मध्ये ब्युटाइल रबर तयार झाले. नैसर्गिक रबरातून हवा जितकी झिरपते, त्याच्या फार थोडा अंश ब्युटाइलमधून झिरपतो. त्यामुळे ट्रकच्या ट्यूबा ब्युटाइलच्या होऊ लागल्या, आणि जुनी ट्यूबही दिवसेंदिवस हवा धरून राहू लागली.

इथेच फसगत होते. ट्यूब हवा धरते, पण आकार धरत नाही. चाकात असताना तिला बाहेरून टायर आवळून धरतो, आकार आणि ताकद त्याची. टायरबाहेर काढलेली ट्यूब म्हणजे सांगाडा नसलेले शरीर. तिला ताठ ठेवणारी एकच गोष्ट, आतला जादा दाब. तोही फार भरता येत नाही, कारण मोकळी ट्यूब एका बाजूने फुगत जाते आणि फुटते.

आता तात्यांच्या ट्यूबचा हिशेब मांडतो. ट्रकच्या मोठ्या ट्यूबमध्ये शंभर-सव्वाशे लिटर हवा मावते, म्हणजे ती तेवढ्याच किलोंचे वजन पेलते. तात्या साठ किलोंचे, फळी आणि ओले जाळे धरले तरी वजन बसत होते. पण हवा भरली ती दुपारी, उन्हात. काळी ट्यूब, आतली हवा ४५ अंशांवर गेली असे धरू. पहाटे पाणी २५ अंश. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वीस टक्के अधिक भरला असेल आणि आकारमान फारसे बदलले नाही असे धरले, तर निव्वळ थंड झाल्याने तो जादा दाब वीसवरून साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे ट्यूबला ताठ ठेवणारी ताकद तिसऱ्या हिश्शाहून अधिक गेली. आणि हवेचा एक कणही बाहेर पडलेला नाही.

यामुळे ट्यूब बुडत नाही. तिची वजन पेलण्याची शक्ती जवळजवळ तेवढीच राहते. पण ती वाकते. माणूस जाळे ओढायला एका बाजूला झुकला की त्या बाजूचे कडे दबते, फळी घसरते आणि गोल ट्यूब उलटायला तेवढे पुरते. पायांशी जाळे असते. पंक्चरच्या दुकानात पुन्हा भरून हौदात बुडवली तर ती निर्दोषच दिसणार. त्या पहाटे असेच घडले याला साक्षीदार नाही. पण ‘ट्यूब चांगली आहे’ या दुकानदाराच्या शब्दांनी माझे जे समाधान व्हायचे ते आता होत नाही. त्याने छिद्र शोधले. शोधायला हवे होते ते दुसरेच. एकच कप्पा, त्याला सांगाडा नाही, दुसरा आधार नाही आणि पाण्यात हवा भरायची सोय नाही.

नदीवरच्या भोयांकडे सांगडीचे ज्ञान होते. तैग्रिसच्या तराफेवाल्यांकडे कातड्याचे होते. धरणाने आम्हाला पाणी दिले, पण पाण्याचे ज्ञान त्याबरोबर आले नाही. ट्यूब आम्ही रस्त्याकडून घेतली आणि तिच्यावरचा भरवसाही रस्त्याचाच घेतला. रस्त्यावर ट्यूब बसली तर गाडी कडेला लावता येते.

बोट निवडताना

ट्यूबचा उपयोग आम्हीच केला असे नाही. अमेरिकेतल्या हौशी गळकऱ्यांनीही ट्रकच्या ट्यूबला कॅनव्हासची बैठक शिवली, त्यात बसून पाय पाण्यात सोडले आणि पायांत रबरी पंख घालून तळ्यांत फिरू लागले. या साधनाला तिकडे ‘फ्लोट ट्यूब’ किंवा गमतीने ‘बेली बोट’ म्हणतात. पुढे तिचा गोल आकार पुढून उघडा झाला, कारण उलटल्यावर बंद कड्यातून पाय काढणे अवघड जाते. मग कप्पे वाढले, आणि त्यापुढे दोन लांब हवेच्या नळ्यांवर लोखंडी चौकट व खुर्ची बसवलेले प्रकार आले. म्हणजे तेही फिरून सांगडीपाशीच पोहोचले.

हवेच्या नावेवर किती भरवसा ठेवता येतो याची टोकाची परीक्षा फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार याने १९५२ मध्ये घेतली. पाच मीटरांहूनही लहान अशा झोडियाक बनावटीच्या रबरी नावेतून तो कॅनरी बेटांहून एकटा निघाला आणि ६५ दिवसांनी बार्बेडोसला पोहोचला. वाटेत त्याचे मुख्य अन्न म्हणजे धरलेले मासे. तो वाचला, पण त्याचे वजन फार उतरले होते. त्याच्या प्रवासातून मी एवढेच घेतले की नीट बांधलेली हवेची नाव समुद्रातही टिकते, तेव्हा ती उजनीत टिकायला हरकत नाही. प्रश्न ‘नीट बांधलेली’ म्हणजे काय, हा आहे.

पुतण्याला मी जे कळवले ते असे. पहिली गोष्ट, कप्पे मोजायचे. निदान दोन बाजूंना दोन स्वतंत्र आणि तळाचा तिसरा. एकाच व्हॉल्व्हने सगळी भरत असेल तर ती घ्यायची नाही, मग रंग कितीही छान असो. दुसरी, खोक्यावरचा बारीक मजकूर वाचायचा. पुष्कळ स्वस्त बोटी म्हणजे पाण्यातली खेळणी असतात आणि तसे त्यांवर लिहिलेलेही असते. हवेच्या नावांसाठी आयएसओ ६१८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण खेळण्यांना ते लागूच होत नाही. किती माणसे, किती वजन, किती दाब, हे बोटीवरच छापलेले असले पाहिजे.

तिसरी, पाय पाण्यात सोडून बसायची फ्लोट ट्यूब आपल्या कामाची नाही. ती गळाने, शांत तळ्यात मासे धरणाऱ्यासाठी. आपण जाळे टाकतो. जाळे आणि लोंबते पाय यांची गाठ पडता कामा नये. बसायला टणक तळ हवा. चौथी, कापड. आत विणलेले कापड आणि वर पीव्हीसीचा जाड थर असलेली घ्यायची, नुसत्या प्लास्टिकच्या पापुद्र्याची नाही. सांधे ओढून पाहायचे. चिलापीच्या पाठीचा काटा कसा असतो ते तुला ठाऊक आहे, आणि पाण्याखाली अजून आपल्याच बांधावरच्या बाभळी उभ्या आहेत. मासे ठेवायला वेगळी बादली न्यायची. सिंधूवरच्या माणसाचा घडा मातीचा होता, काटा टोचला तरी त्याला भय नव्हते.

पाचवी, हातपंप बोटीतच राहिला पाहिजे आणि व्हॉल्व्ह बसल्या जागेवरून हाताला लागले पाहिजेत. दुपारी भरलेली हवा पहाटे पाण्यात उतरल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तपासायची, कमी वाटली तर भरायची. उन्हात काठावर ठेवताना थोडी सोडायची, नाहीतर सांधे उकलतात. ठिगळे आणि सोल्यूशन घरी नव्हे, डब्यात घालून बरोबर. सहावी, बोट कितीही चांगली असली तरी अंगात जीवरक्षक जाकीट, आणि ते हवेचे नको, आत फोम भरलेले. अलेक्झांडरच्या भुशासारखे.

हे सगळे मी चार पानी पत्रात लिहून पाठवले. त्याने फोन करून एवढेच विचारले, ‘‘आप्पा, अलेक्झांडर कशाला त्यात?’’

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बोट आली होती. हिरव्या रंगाची, तीन कप्प्यांची, बरीच जड. तिच्यासाठी त्याने दोन शेळ्या विकल्या होत्या. पाडव्याच्या सकाळी आम्ही सगळे पाण्यावर गेलो. त्याने हवा भरली, जाकीट घातले आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसला. मग माझ्याकडे पाहून उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडला. हवा सुसाट बाहेर आली. बोट त्या बाजूला चांगलीच कलली, एक कड पाण्याखाली गेली, पण तो बसून राहिला. काही वेळ तसाच राहून त्याने पंप जोडला आणि बसल्या बसल्या ती बाजू पुन्हा फुगवली. पाचेक मिनिटे लागली असतील.

काठावर माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, पदर दातांत धरून उभी होती. सासऱ्याला नेलेली ती काळी ट्यूब तिने पाहिली होती. बोट पुन्हा सरळ झाल्यावर तिने पदर सोडला आणि म्हणाली, ‘‘आता दुसऱ्या बाजूची सोडून बघ.’’

त्याने ती सोडली.